साडेतेरा व्होल्टचे पोवारसाहेब

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एका शनिवारी सकाळी मॉरिशस बेटावर पोवारसाहेबांचं आगमन झालं. ते बोटीने आले. बंदरावर त्यांना झेंडूचा हार घालण्यात आला, नारळ देण्यात आला आणि स्वागताच्या भाषणाची पहिली दोन वाक्यं झाल्यावर भाषण थांबवण्यात आलं. भाषण मी लिहिलं होतं. साहेबांनी हार स्वीकारला, पण उत्तरादाखल ते काही बोलले नाहीत. त्यांचं वजन सतरा किलो होतं आणि ते साडेतेरा व्होल्टचे होते.

घाई करू नका, सगळं सांगते. पण पोवारसाहेबांच्या आधी राघोकाकांना भेटावं लागेल, कारण साहेब त्यांच्याकडे उतरले होते.

राघोकाका आमच्या पेती राफ्रे गावात मोटारींचे इलेक्ट्रिशियन होते. बसथांब्याच्या मागे, उसाचं शेवटचं शेत जिथे संपतं तिथे, लिचीच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. माणूस उंच, हडकुळा. बॅटरीतल्या अ‍ॅसिडने शर्टाची चाळण झालेली. त्यांची बायको सोनाकाकी म्हणायची, "आमच्या माणसाकडं दोनच शर्ट. एक लग्नाचा, एक भोकांचा." इंजिनाला ते हात लावत नसत. कुणी तेलगळतीची तक्रार आणली तर म्हणायचे, "त्याल माझं नव्हं. कुराँ माझा." कुराँ म्हणजे आमच्या क्रेओलमध्ये वीज. आमच्या बेटावरच्या मराठीत असे शब्द शेजाऱ्यासारखे येतात, बसतात आणि मग जातच नाहीत.

मी पुण्यात तीन वर्षं शिकून सत्तरच्या दशकात परत आले आणि सरकारी शाळेत मराठी शिकवू लागले. वडिलांची एक म्हातारी इंग्रजी गाडी माझ्या वाट्याला आली होती. तिचे दिवे कधी लागायचे, कधी लागायचे नाहीत, आणि नको तेव्हा हॉर्न वाजायचा. तिच्यामुळे राघोकाकांची ओळख झाली. शाळेत तपासणी होती, मला उशीर झालेला, आणि काका एका खोक्यावर बसून एका दिव्याकडे बघत राहिलेले.

तो दिवा मी पुढे शेकडो वेळा पाहिला. लाकडाच्या फळीवर बसवलेला छोटासा बल्ब, दोन तारा आणि टोकाला दोन चिमटे. काका त्याला "म्हातारी" म्हणत. कोणतीही गाडी आली की पहिल्यांदा म्हातारीचे चिमटे बॅटरीला लावायचे आणि मिनिटभर नुसतं बघत बसायचं. "घरात कायबी बिघडलं की पयलं म्हातारीला कळतं," ते म्हणायचे. त्या वेळी कुणी दार आपटलं, मोठ्याने हसलं, तरी ते हात वर करायचे. देवळात आरतीच्या वेळी समईपुढे हात धरावा तसे.

"काका, मला उशीर होतोय."

"थीर नाय, मिस." शाळेतल्या बाईला आमच्याकडे मिस म्हणतात. "कुराँ थीर नाय."

मी पुण्याहून ताजी ताजी आलेली. जीभ आवरली नाही. "काका, थीर नाही. स्थिर. सुरुवातीला स आहे."

काकांनी म्हातारीवरची नजर काढली नाही. म्हणाले, "स लावला की तोंडातच हिसका बसतो, मिस. हिसका बसल्याला शब्द थीर कसा?"

मी त्या दिवशी तपासणीला पाऊण तास उशिरा पोचले. पण तेव्हापासून वर्गात फळ्यावर 'स्थिर' लिहिताना माझा हात जरा अडखळतो, हे खरं.

मग जपानहून जुन्या गाड्या यायला लागल्या. तिथल्या लोकांनी वापरून सोडलेल्या, पण आमच्या डोळ्यांना नव्या नवरीसारख्या. त्यांच्यात एक नवी गोष्ट होती. पायाशी, गालिच्याखाली एक चपटा डबा. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो डबा ठरवायचा. काही बिघडलं तर ते लक्षातही ठेवायचा. एका ठिकाणी दोन टोकं तारेने जोडली की समोरचा इंजिनाचा दिवा डोळे मिचकावायला लागे. किती वेळा लांब, किती वेळा आखूड, ते मोजायचं आणि पुस्तकात बघायचं. बाकीच्या इलेक्ट्रिशियनांनी या डब्याला लांबून नमस्कार केला. काकांनी पुस्तक मागवलं, जपानी शिकलेल्या कुणाकडून तरी त्याचं कोष्टक करून घेतलं, आणि मोजायला बसले.

मोजायचे मात्र मराठीत. क्रेओलमध्ये मोजलं की चुकतं, असं त्यांचं मत होतं. "लहानपणी आजीनं ऊस मोजाय शिकवलं त्ये मराठीत. त्ये इसरत नाय." शेडीपुढे टॅक्सीवाल्यांचा घोळका, त्यात भोजपुरी बोलणारे, क्रेओल, एखादा तमिळ, आणि सगळे दिव्याबरोबर म्हणतायत, "येक... दोन... तीन... आता आखूड, येक..." माझ्या शनिवारच्या मराठी वर्गाला सहा मुलं यायची. काकांच्या शेडीत बावीस माणसं मराठी आकडे शिकली. आमच्या मराठी संघटनेच्या वार्षिक अहवालात मी हे मांडलं होतं, पण अध्यक्ष बापूंनी ते खोडलं.

आता ज्या गोष्टीवर काका कधी विनोद करत नसत, ती सांगते.

विठू हा सोनाकाकीचा धाकटा भाऊ. ऊसतोडणी सोडून त्याने टॅक्सी घेतली होती. डबा असलेली, पांढरी. गाडी धक्के द्यायला लागली म्हणून तो दाजींकडे घेऊन आला. काका किल्ली फिरवून मिचकावण्या मोजायला बसले. मोजणी लांबली, बॅटरी आधीच मरतुकडी, म्हातारी पिवळी पडली. दिवा आता मनाला येईल तसा मिचकावू लागला. आकडे जुळेनात. काकांनी लॉऱ्यांसाठी ठेवलेला मोठा चार्जर ओढला, चिमटे लावले, आणि खटका 'स्टार्ट'वर केला. तो खटका बंद पडलेल्या लॉरीला ढकलायचा. बॅटरीत तो जोर प्यायची ताकद उरली नव्हती, तेव्हा सगळा जोर गेला डब्यात. आवाज झाला नाही. नुसता वास आला, खोबरं करपल्यासारखा.

विठू म्हणाला, "दाजी, काय झालं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुझी बॅटरी खराब होती. ते खोटंही नव्हतं. राघोकाका म्हणाले, "मी जाळला तुजा डबा. मी."

नवा डबा जपानहून यायचा तर वर्ष लागणार. आणि टॅक्सीच्या तपासणीला चार महिने होते. त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर पोचली नाही तर स्टँडवरची विठूची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळणार. विठू परत कोयता घेऊन शेतात जायला लागला. सोनाकाकीने नवऱ्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, पण ठेवायची अशी की सगळ्या गल्लीला कळावं. आणि काकांनी तो चार्जर शेडीच्या दारात खिळ्याला टांगला, खटका 'स्टार्ट'वर तसाच ठेवून. कुणी विचारलं, विकायचा आहे का, तर सांगायचे, "नाय. त्यो माझा गुन्हा हाय. बघून जा."

त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. विठूची गाडी तपासणीच्या आत चालू करायची. आणि थीर कुराँ मिळेपर्यंत कोणत्याही डब्याला हात लावायचा नाही. टॅक्सीवाल्यांचा घोळका पांगला. येक-दोन-तीन बंद झालं. शेडीत इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला ती सोसवेना.

थीर कुराँ शोधायला आम्ही माझ्या गाडीतून राजधानीत, पोर्ट लुईला गेलो. काकांच्या मांडीवर एक पिशवी. पिशवीत म्हातारी, गाडीचा एक मोठा दिवा आणि सोनाकाकीचा छोटा ट्रान्झिस्टर, जो त्यांनी न विचारता घेतला होता, कारण विचारायला बोलणं चालू पाहिजे.

दुकानदार टाय लावलेला. त्याने एक चकचकीत चार्जर पुढे केला. "पन्नास अँपिअर, मुस्ये. बेटावर याच्याइतका जोरदार दुसरा नाही."

"जोर न्हाय मागितला," काका म्हणाले. मग क्रेओलमध्ये, अगदी अदबीने, "जोर माझ्याकडे आहे. दारात टांगलाय."

त्यांनी म्हातारी जोडली. दुकानदार हसला. मग मोठा दिवा जोडला आणि पेटवला. म्हातारी क्षणभर दबली. "भार आला की मान टाकतो," काका म्हणाले. मग ट्रान्झिस्टरच्या बॅटऱ्या काढून त्याच्या तारा, मध्ये व्होल्ट उतरवणारा आपला एक छोटा तुकडा घालून, चार्जरला लावल्या. रेडिओवर सेगा, आमच्या बेटाचं नाचाचं गाणं, लागला होता. गाण्याच्या खालून भुंगा गुणगुणावा तसा एक आवाज सतत येत होता. हँऽऽऽ.

"ऐकलंत, मिस? ह्यो डबा माझ्या रेडिओत भजन म्हणतोय."

दुकानदार म्हणाला, "रेडिओच खराब असेल."

काकांनी ट्रान्झिस्टर परत त्याच्या बॅटऱ्यांवर लावला. सेगा स्वच्छ वाजला. भुंगा गायब. "डोळ्याला दिसत नाय, पर कुराँ आतून थरथरतोय. बॅटरीला चालतं ते. डब्याला न्हाय चालत. डबा म्हंजी अक्षर लिवणारा माणूस. त्याचा हात कुणी हालवला तर अक्षर कसं लिवंल?"

त्या दुकानात त्यांनी सहा यंत्रं ऐकली. हो, ऐकलीच. एक जोरदार, पण भजन म्हणणारं. एक गप्प, पण अर्ध्या तासात तव्यासारखं तापलेलं. एकाला भार सोसेना. एक सगळं नीट करायचं, पण भार काढला की सोळा व्होल्टवर उडी मारायचं. काकांनी त्याचे चिमटे साप सोडावा तसे सोडले. शेवटी दुकानदाराने टाय सैल केला आणि एक सूचीपत्रक काढलं. प्रयोगशाळेत वापरतात तसं यंत्र, सिंगापूरहून मागवावं लागेल. साडेतेरा म्हटलं की साडेतेरा, भार येवो की जावो. काकांनी ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मागणी नोंदवली. परत येताना गाडीत एकच वाक्य बोलले, "रेडिओ जाग्यावर ठेवाय पायजे, तिला कळायच्या आत."

तिला कळलं होतं. त्या दिवशी ताट जरा हळू ठेवलं गेलं.

आणि आता पोवारसाहेब.

गावात फोन होता तो चिनी दुकानात. तपासणीला तीन आठवडे उरले असताना पोर्ट लुईहून निरोप आला, राघोची पॉवर आली, बंदरावर आहे, घेऊन जा. तो चिनी दुकानदार इंग्रजी शब्द आपल्या पद्धतीने उच्चारत असे. निरोप ऐकायला हजर होते आमचे बापू, मराठी संघटनेचे अध्यक्ष, जे त्या वेळी तिथे मसूर घेत होते. बापूंच्या आयुष्याचं एक दुःख होतं. आपले पणजोबा ज्या किनाऱ्यावरून आले तिथून आपल्याकडे कुणीही येत नाही. त्यांच्या कानांनी ऐकलं, "राघोचे पोवार आले. बंदरावर आहेत."

राघोकाकांच्या आजीचं माहेर पोवारांचं होतं, हे गावाला ठाऊक होतं. झालं! शंभर वर्षांनी माहेरचं माणूस आलं. काका त्रियोले गावाला कुणाची तरी बॅटरी बघायला गेलेले, तेव्हा खुलासा करायला कुणी नाही. दोन तासांत झेंडू तोडले गेले. सोनाकाकीने पुरण शिजायला टाकलं. मला बापूंनी वर्गातून उचललं. "मिस, तुमी बोलायचं. आमचं मराठी ऐकून त्ये भ्यायचे." मी कागदावर भाषण लिहिलं. शंका आली होती का? आली होती, थोडीशी. पण इतका सुंदर गैरसमज दर वर्षी होत नाही, आणि मी तो मोडायला धजले नाही.

भाड्याच्या व्हॅनमधून आम्ही अकरा जण बंदरावर गेलो. मी सुरुवात केली, "सन्माननीय पोवारसाहेब, आपल्या आगमनाने..." दुसरं वाक्य संपेपर्यंत कारकुनाने एक लाकडी खोकं ढकलत आणलं. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पॉवर. पुढचा शब्द कुणी वाचला नाही.

 बापूंनी हार आणला होता तो हातात तसाच. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मग हळूच ते पुढे झाले आणि त्यांनी हार खोक्याला घातला. नारळही ठेवला. म्हणाले, "लांबून आल्यात. पाव्हणेच की."

त्या क्षणापासून यंत्राचं नाव पोवारसाहेब पडलं. काकांनीही ते मान्य केलं. "पोवारसायबांना उठवा," म्हणजे बटण दाबा. सोनाकाकीने त्यांना हळदकुंकू लावलं, पुरणपोळी नैवेद्याला दाखवली, आणि तीन महिन्यांनी नवऱ्याला पहिलं वाक्य बोलली, "आता काय बघत बसलाय? माझ्या भावाची गाडी बघा."

रिव्हिएर दू रांपारचा रेडिओ दुरुस्त करणारा जोसेफ चिपेत माहिती लिहिण्याचं एक यंत्र घेऊन आला. विठूसाठी मोडलेल्या गाडीतला एक डबा मिळाला होता, पण त्यातली अक्षरं, म्हणजे पेट्रोल-ठिणगीचे हिशेब, दुसऱ्याच इंजिनाची होती. विठूच्या गाडीसारख्याच एका टॅक्सीच्या डब्यातून बरोबर अक्षरं वाचून ती कोऱ्या चिपेत उतरवायची, ती चिप या डब्यात बसवायची. उतरवायला सात-आठ मिनिटं लागणार. कोरी चिप एकच होती. मध्येच कुराँ हलला तर ती गेली. आणि तपासणी परवा.

काकांनी पोवारसाहेबांना जोसेफच्या यंत्राशी जोडलं, म्हातारी लावली, आणि मग शेजारी एक पूर्ण भरलेली बॅटरीही जोडली. जोसेफ हसला. एवढं सिंगापूरचं यंत्र असताना ही कशाला?

"पोवारसायब पाव्हणे," काका म्हणाले. "पाव्हणा उठून गेला तर घरात आपलं माणूस नको?"

लिहिणं सुरू झालं. काका खोक्यावर, डोळे म्हातारीवर. विठू दाराला टेकून, त्या टांगलेल्या चार्जरच्या खाली. बापू बाहेर खुर्चीत डुलक्या घेत होते. एक मिनिट. तीन. पाचव्या मिनिटाला सगळ्या गावाची वीज गेली. शेजारचा पंप थांबला, पोवारसाहेबांचा हिरवा दिवा विझला, आणि जोसेफ किंचाळला, "पावर फिन आले!"

क्रेओलमध्ये 'आले' म्हणजे गेले. पॉवर गेली, असं तो बिचारा ओरडत होता. पण झोपेतल्या बापूंनी ते मराठीत ऐकलं आणि ताडकन उठून टोपी सावरली, "आले? कुठं? कुठं हायत?"

कुणी हसलं नाही. सगळे म्हातारीकडे बघत होते. मला ती जराही हललेली दिसली नाही. काका पुटपुटले, "केसभर उतरली. केसभर चालतंय." बॅटरी जागी होती. सहा मिनिटं. सात. जोसेफने यंत्रावरचा हात उचलला, मिशीवरचा घाम पुसला आणि मान डोलावली.

डबा बसवला. विठूने किल्ली फिरवली. इंजिन लागलं ते एकसारखं, धक्का नाही, खोकला नाही. विठू खाली उतरला आणि दाजींच्या पाया पडायला वाकला. काकांनी त्याला मध्येच धरलं. "पडू नकोस. मीच जाळला हुता." तपासणीला गाडी स्वतःच्या चाकांवर गेली. स्टँडवरची जागा राहिली. घोळका परतला, येक-दोन-तीन पुन्हा सुरू झालं. चार्जर मात्र काकांनी खिळ्यावरून काढला नाही.

विठूने आपल्या टॅक्सीत, समोरच्या काचेखाली, म्हातारीसारखाच एक छोटा बल्ब कायमचा बसवून घेतला. गिऱ्हाइकं विचारायची, हा कशाचा दिवा? तो म्हणायचा, "दाजींचा."

काकांना मी शेवटचं पाहिलं ते दशक सरता सरता. सकाळचे दहा वाजले असतील, शाळेची मधली सुट्टी. त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि विठू त्यांना दवाखान्यात न्यायला आला होता. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. अंगात लग्नाचा शर्ट होता, एकही भोक नसलेला, आणि तो त्यांना परका वाटत होता. सोनाकाकी मागे बसली, ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन. का घेतला तिलाच ठाऊक. इंजिन चालू. विठूचे हात स्टिअरिंगवर असे लटपटत होते की त्याला गिअर पडेना. एकदा खरखरला, दोनदा खरखरला. मी खिडकीशी वाकले. काकांचे डोळे मिटलेले होते.

मग ते उघडले. काकांनी काचेखालच्या दिव्याकडे बघितलं. नेहमीसारखं, चांगलं मिनिटभर, कसलीही घाई न करता.  मग त्यांनी विठूच्या हातांकडे बघितलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"आयो विठू! कुराँ थीर हाय रे, तूच कवाधरनं हलतोयस!"